धूम्रपान सोडल्यानंतरचे पहिले दहा दिवस

आपण शेवटची बिडी किंवा सिगारेट विझवली त्याला काही तास झाले असतील, कदाचित एक-दोन दिवस. हे पत्रक आपल्यासाठी आहे. धूम्रपानामुळे होणाऱ्या रोगांची यादी येथे दिलेली नाही. ती पाकिटावर चित्रासह छापलेली असते आणि ज्याने सोडण्याचे ठरवले आहे त्याने ती पुरेशी वाचलेली असते. पुढील काही दिवसांत शरीरात आणि मनात काय घडेल, ते किती काळ टिकेल आणि त्या काळात काय केल्याने निभाव लागेल, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

ते सांगणे आवश्यक आहे, कारण बहुतेक प्रयत्न याच टप्प्यावर मोडतात. भारतात २०१६-१७ मध्ये झालेल्या प्रौढांच्या तंबाखूसेवनविषयक राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींपैकी १०.७ टक्के व्यक्ती धूम्रपान करणाऱ्या आढळल्या. त्यांतील ३८.५ टक्के जणांनी आधीच्या बारा महिन्यांत सोडण्याचा प्रयत्न करून पाहिला होता. म्हणजे इच्छेची वानवा नाही. परंतु कोणतीही मदत न घेता सोडणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक पहिल्या आठवड्यातच पुन्हा झुरका घेतात आणि मग "माझ्यात निर्धारच नाही" असा निष्कर्ष काढून मोकळे होतात. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. त्या आठवड्यात काय होणार आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते, आणि जे तात्पुरते होते ते त्यांना कायमचे वाटते.

दुसरा-तिसरा दिवस जड का जातो

झुरका घेतल्यावर धुरातील निकोटीन फुफ्फुसांतून रक्तात आणि तेथून मेंदूत अवघ्या दहा ते वीस सेकंदांत पोहोचते. मेंदूतील पेशींवर त्याला प्रतिसाद देणारी स्थाने असतात. वर्षानुवर्षे रोज निकोटीन मिळत राहिले की या स्थानांची संख्या वाढते, आणि ती भरलेली असली तरच माणसाला स्वस्थ वाटते. रक्तातील निकोटीन साधारण दर दोन तासांनी निम्मे होत जाते. म्हणून सतत ओढणाऱ्याला तास-दीड तासाने पुन्हा ओढावेसे वाटते, आणि रात्रभराच्या झोपेनंतर सकाळची पहिली बिडी सर्वांत हवीशी वाटते.

"एक बिडी ओढली की डोके शांत होते," असे पुष्कळ जण सांगतात. हा अनुभव खोटा नाही. मात्र ती अशांती आधीच्या बिडीचा अंमल उतरल्यामुळेच निर्माण झालेली असते. एका सावकाराचे व्याज भागवण्यासाठी त्याच्याकडूनच पुन्हा कर्ज काढावे, तसा हा व्यवहार आहे. धूम्रपान सोडून काही आठवडे झालेल्या व्यक्तींमधील चिंता आणि ताण, सोडण्यापूर्वीच्या मानाने कमी झालेला आढळतो. पहिल्या तीन दिवसांत मात्र यावर विश्वास बसणे कठीण असते.

अस्वस्थता शेवटच्या झुरक्यानंतर पहिल्या चोवीस तासांतच सुरू होते. चिडचिड, बेचैनी, उदासपणा, कामात लक्ष न लागणे, डोके जड होणे, झोप मोडणे, भूक वाढणे ही तिची नेहमीची रूपे. प्रत्येकाला सर्वच लक्षणे होतात असे नाही. दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी त्रास सर्वाधिक असतो. पहिला आठवडा संपताना तो उतरणीला लागतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक लक्षणे मावळतात. भूक तेवढी आणखी काही आठवडे वाढलेली राहते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी "आता असेच राहणार असेल तर जगायचे कसे" असे आपल्याला वाटले, तर आपण चढणीच्या माथ्यावर आहात असे समजावे. पुढचा रस्ता खाली जातो.

याच काळात शरीर आपले काम करीत असते. शेवटच्या झुरक्यानंतर वीस मिनिटांत नाडीचे ठोके मंदावू लागतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तातील प्राणवायूची जागा अडवून बसलेला असतो. एक-दोन दिवसांत तो निघून जातो आणि तेवढा अधिक प्राणवायू हृदयाला मिळू लागतो. पुढील दोन ते बारा आठवड्यांत रक्ताभिसरण सुधारते. जिना चढताना लागणारी धाप आणि खोकला त्यापुढील महिन्यांत कमी होतो. एका वर्षाने हृदयविकाराचा वाढीव धोका धूम्रपान चालू ठेवणाऱ्याच्या तुलनेत सुमारे निम्म्यावर येतो. अडचण एवढीच की पहिल्या दिवसांतील हे चांगले बदल जाणवत नाहीत आणि त्रास मात्र क्षणोक्षणी जाणवतो.

तलफ आली असता

तलफ लाटेसारखी येते. ती वाढत जाते, माथ्यावर पोहोचते आणि ओसरते. बहुतेक वेळा हे सर्व पाच मिनिटांच्या आसपास आटोपते. ज्याला हे ठाऊक नसते त्याला वाटते की ओढल्याशिवाय ती जाणारच नाही. आपण एकदा घड्याळ समोर ठेवून खात्री करून घ्यावी. तलफ सुरू झाली ती वेळ पाहावी आणि पाच मिनिटे दुसरे काहीही करावे. पाणी घोट घोट प्यावे, जागेवरून उठून चार पावले चालावे, तोंड धुवावे, घरी फोन करावा. नाकाने सावकाश खोल श्वास घेऊन ओठांतून त्याहूनही सावकाश सोडावा आणि असे दहा वेळा करावे. झुरका घेतानाही आपण खोल श्वासच घेत होतो, त्यामुळे शरीराला ही कृती ओळखीची वाटते. पहिल्या दिवशी अशा लाटा अनेक येतील. आठव्या-दहाव्या दिवशी त्या विरळ होतील, परंतु एखादी अचानक आणि जोरात येईल. ती आली म्हणून सर्व मुसळ केरात गेले असे समजू नये.

तलफ कोठून उठते हेही पाहिले पाहिजे. रुग्णालयातील वॉर्डात परिचर्येचे काम करणाऱ्या आम्हां सर्वांना एक दृश्य परिचयाचे आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर चार-पाच दिवस खाटेवर असलेला रुग्ण त्या दिवसांत बिडीचे नावही काढीत नाही. घरी जाण्याच्या दिवशी फाटकाबाहेर येतो, समोर टपरी दिसते आणि पावले आपोआप तिकडे वळतात. निर्धार चार पावलांत नाहीसा झालेला नसतो. वॉर्डात आठवण करून देणारे काही नव्हते, बाहेर ते सर्व होते. टपरी, चहाचा पेला, जेवणानंतरची वेळ, बसची वाट पाहणे, रात्रपाळीतील तिसरा प्रहर, गाडी रस्त्याच्या कडेला लावून घेतलेली विश्रांती, कामाच्या जागेवरची दुपारची सुट्टी, अशा प्रत्येक प्रसंगाशी बिडीची गाठ वर्षांच्या सवयीने बांधली गेलेली असते. ती गाठ त्या प्रसंगापुरती सोडवावी लागते.

म्हणून आज रात्री एका कागदावर आपल्या दिवसातील असे प्रसंग लिहून काढावेत आणि प्रत्येकापुढे पहिल्या दहा दिवसांसाठी एक बदल लिहावा. जेवणानंतर लगेच ताटावरून उठून दात घासावेत. टपरीवरून जाणारा रस्ता सोडून दुसरा धरावा, मग तो थोडा लांबचा का असेना. बसथांब्यावर हात रिकामे राहू नयेत म्हणून खिशात बडीशेप, लवंग किंवा भाजलेले चणे ठेवावेत. खिसे, पिशवी, गाडीचा कप्पा, दुकानाचा गल्ला तपासून शिल्लक बंडल आणि थोटके फेकून द्यावीत. "अडीअडचणीला एक असू द्यावी" म्हणून कपाटावर ठेवलेली ती एक बिडी तिसऱ्या दिवशी नेमकी आठवते. काडेपेटी स्वयंपाकघरात लागते, तिथे ती राहावी. खिशात तिचे काही काम नाही.

सर्वांत कठीण प्रसंग मित्रांचा आणि सहकाऱ्यांचा. दुपारच्या सुट्टीत सारे उठून बाहेर निघतात, कोणीतरी प्रेमानेच पाकीट पुढे करतो आणि "एकाने काय होते" असे म्हणतो. त्या वेळी काय बोलावे हे त्या वेळी सुचत नाही, म्हणून वाक्य आधीच ठरवून ठेवावे. "सोडतोय" किंवा "कमी करतोय" असे म्हणू नये, कारण त्यावर हमखास आग्रह होतो. "मी सोडली आहे," एवढेच म्हणावे आणि विषय बदलावा. शक्य असल्यास एखाद्या जवळच्या सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवावे की दहा दिवस माझ्यासमोर ओढू नकोस. हे मागणे मोठे नाही, आणि मित्र ते बहुधा पाळतात. मद्यपानाच्या बैठका या दिवसांत टाळाव्यात, कारण मद्याने मनाचा लगाम सैल होतो आणि अनेकांचा पहिला चुकार झुरका तेथेच घेतला जातो.

चहा, शौच, झोप आणि खोकला

या चार गोष्टींविषयी फारसे बोलले जात नाही, आणि तरीही पुष्कळ लोक त्यांच्यामुळेच माघारी फिरतात.

तंबाखूच्या धुरामुळे यकृत चहा-कॉफीतील कॅफीनचा निचरा अधिक वेगाने करीत असते. धूर बंद झाला की हा वेग काही दिवसांतच कमी होतो. आपण पूर्वीइतकाच चहा घेत राहिलात तर तेवढ्याच पेल्यांतून शरीरात अधिक कॅफीन साचते. छातीत धडधडणे, हात थरथरणे, रात्री डोळा न लागणे यांपैकी बराचसा त्रास त्यामुळेही होतो आणि त्याचा दोष बिडी सोडण्याला दिला जातो. पहिले दोन आठवडे चहा-कॉफी निम्म्यावर आणावी आणि दुपारनंतर घेऊ नये. चहा आणि बिडी ही जोडी असल्याने चहा कमी झाला की तलफेचे प्रसंगही कमी होतात. सकाळच्या चहाऐवजी काही दिवस ताक, लिंबूपाणी किंवा गरम पाणी घेऊन पाहावे.

"बिडी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही," ही तक्रार कोठल्याही आरोग्य केंद्रात रोज ऐकू येते. ती बरोबरच आहे. निकोटीन आतड्यांच्या हालचालीला चालना देते आणि ते बंद झाले की काही दिवस आतडी मंदावतात. यावर उपाय साधे आहेत. सकाळी उठताच दोन पेले कोमट पाणी प्यावे, आहारात पालेभाजी, पेरू, काकडी, भाकरी, मोड आलेली कडधान्ये वाढवावीत आणि ठरलेल्या वेळी शौचास जाऊन बसावे, घाई करू नये. गरज वाटल्यास रात्री इसबगोल भरपूर पाण्यासोबत घ्यावे. दोन-तीन आठवड्यांत आतडी आपला नेम पुन्हा धरतात.

झोप पहिल्या आठवड्यात तुटक लागते आणि स्वप्ने फार स्पष्ट पडतात. आपण बिडी ओढीत असल्याचे स्वप्न पडून दचकून जाग येणे हेही नेहमीचे आहे. काही जणांना तोंडात बारीक फोड येतात, ते आपोआप बरे होतात. खोकला कमी होण्याऐवजी प्रथम थोडा वाढू शकतो. श्वासनलिकेच्या आतील सूक्ष्म केसांसारखे तंतू धुराने निकामी झालेले असतात. ते पुन्हा हलू लागले की साचलेला कफ बाहेर ढकलतात. मात्र खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला, थुंकीत रक्त दिसले, वजन घटू लागले किंवा संध्याकाळी ताप येऊ लागला, तर "बिडी सोडल्यामुळे होत असेल" असे मानून घरी बसू नये. सरकारी आरोग्य केंद्रात थुंकीची क्षयरोग तपासणी विनामूल्य होते, ती करून घ्यावी. छातीत दाबल्यासारखे दुखणे, ते हातात किंवा जबड्यात पसरणे, घाम फुटणे अशी लक्षणे असल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

वजनाविषयी थोडेसे. धूम्रपान सोडल्यानंतरच्या वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वजन वाढते. काहींचे याहून अधिक वाढते, काहींचे मुळीच वाढत नाही. धूम्रपानापासून होणाऱ्या हानीपुढे ही वाढ किरकोळ आहे. पहिल्या दहा दिवसांत वजनाची चिंता बाजूस ठेवावी, एका वेळी दोन लढाया लढू नयेत. फरसाण आणि मिठाईऐवजी कुरमुरे, चणे, फळे हाताशी असावीत, एवढे पुरे.

एकाच्या जागी दुसरे नको

बिडी सोडली आणि मशेरी लावू लागले, सिगारेट सोडली आणि तंबाखू-चुना मळू लागले, अशी उदाहरणे घरोघरी आहेत. गुटखा, खैनी, मशेरी, हुक्का या प्रत्येकात तंबाखू आहे. मेंदूला निकोटीन मिळतच राहते, आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती वेगळी. साधी सुपारीसुद्धा निर्धोक नाही, तंबाखू न मिसळताही ती कर्करोगकारक आहे. ई-सिगारेटची निर्मिती, विक्री आणि जाहिरात भारतात २०१९ च्या कायद्याने प्रतिबंधित आहे. सिगारेटऐवजी बिडी ओढणे म्हणजे सौम्य मार्ग, अशीही एक समजूत आहे. बिडीच्या तेंदूपत्त्यातून हवा कमी खेळते, ती विझू नये म्हणून अधिक वेळा आणि जोराने ओढावी लागते, आणि तिच्या धुरातून टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा अधिक मिळते.

"एकदम सोडण्यापेक्षा रोजच्या दहावरून तीनवर आणतो," असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की राहिलेल्या तीन बिड्या माणूस नकळत अधिक खोल आणि अगदी शेवटापर्यंत ओढतो. कमी करणे ही सोडण्याची पायरी असू शकते, पण मग पुढची तारीख ठरलेली असावी.

औषधांची मदत घेण्यात कमीपणा नाही

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्यांना पहिली बिडी लागते, त्यांचे अवलंबित्व अधिक असते. अशांनी केवळ निर्धारावर विसंबू नये, आपल्या डॉक्टरांना भेटावे. निकोटीनचे च्युइंगम, चघळण्याच्या गोळ्या आणि त्वचेवर लावण्याच्या पट्ट्या यांतून निकोटीन थोड्या प्रमाणात आणि सावकाश मिळते. धुरातील टार आणि विषारी वायू त्यांत नसतात. मेंदूची मागणी थोडी शमली की सवयींशी झगडायला बळ उरते, आणि पुढे मात्रा उतरवत नेऊन हे उपचारही थांबवता येतात. या उपचारांचा समावेश भारताच्या २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. याखेरीज बुप्रोपियॉन आणि व्हॅरेनिक्लिन ही निकोटीनविरहित औषधे आहेत. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असतात.

निकोटीनचे च्युइंगम नेहमीच्या च्युइंगमप्रमाणे भराभर चावले तर त्याचा गुण येत नाही, शिवाय उचकी, घशात आग आणि मळमळ होते. "मला ते मानवले नाही" असे सांगणाऱ्या अनेकांची वापरण्याची पद्धत चुकलेली असते. सावकाश चावावे. तिखटसर चव किंवा मुंग्या जाणवल्या की चावणे थांबवून ते गाल आणि हिरडी यांच्यामध्ये ठेवून द्यावे. चव ओसरली की पुन्हा थोडे चावावे आणि जागा बदलून ठेवावे. असे अर्धा तास चालते. त्याआधी पंधरा मिनिटे आणि ते तोंडात असताना चहा, कॉफी, लिंबूपाणी किंवा अन्य काही खाऊ-पिऊ नये, कारण आंबट व तशा पेयांमुळे निकोटीन शोषले जात नाही. ते मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.

गर्भवती महिलांनी, अलीकडे हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि अठरा वर्षांखालील व्यक्तींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे उपचार सुरू करू नयेत. आणखी एक सूचना महत्त्वाची आहे. दम्यासाठी थिओफिलिन, मानसिक आजारासाठी क्लोझापिन किंवा ओलान्झापिन अथवा मधुमेहासाठी इन्सुलिन चालू असेल, तर धूम्रपान थांबल्यावर या औषधांची मात्रा बदलावी लागू शकते. आपण सोडल्याचे डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात कळवावे. स्वतः मात्रा कमी-जास्त करू नये.

घरच्या मंडळींसाठी

घरातील एखादी व्यक्ती धूम्रपान सोडत आहे म्हणून हे पत्रक आपण वाचत असाल. ते वडील असतील, पती असतील, सासूबाईही असतील. बिडी ओढणाऱ्या स्त्रिया आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यांच्या वाट्याला मदतीपेक्षा लाजच अधिक येते.

पहिला आठवडा त्या व्यक्तीचा स्वभाव बदलल्यासारखा वाटेल. भाजीत मीठ कमी पडले म्हणून ताट सरकवले जाईल, मुलांवर कारण नसताना आवाज चढेल. तो राग आपल्यावर नाही हे लक्षात ठेवणे अवघड असते, पण उपयोगाचे असते. "यापेक्षा ओढत होतात तेच बरे होते," हे वाक्य या आठवड्यात कोणीही उच्चारू नये. सोडणाऱ्याला परत फिरण्यासाठी एवढे निमित्त पुरते. पैशांचे, जमिनीचे, सोयरिकीचे जे विषय दहा दिवस लांबणीवर टाकता येतील ते टाकावेत.

खिसे तपासणे, तोंडाचा वास घेणे, "आज किती ओढल्या?" असे पाहुण्यांसमोर विचारणे यांनी माणूस लपवायला शिकतो. त्यापेक्षा जेवणानंतर "चला, जरा फिरून येऊ" असे म्हणून सोबत बाहेर पडावे. घरात आणखी कोणी ओढणारे असतील तर त्यांनी निदान हे दिवस घराबाहेर ओढावे. खरे तर त्यांनीही याच वेळी सोडले तर दोघांचेही काम हलके होते. मुलांना बिडी-सिगारेट आणायला दुकानात कधीही पाठवू नये. बंद खोलीतील धूर लहान मुलांच्या फुफ्फुसांत जातो आणि न्यूमोनिया, दमा, कानाचे विकार यांचे प्रमाण वाढवतो. खिडकी उघडल्याने किंवा पंखा लावल्याने तो पुरेसा निघून जात नाही.

उदासपणा दोन आठवड्यांनंतरही हटला नाही, जेवणखाण आणि बोलणे तुटले, किंवा जीव नकोसा झाल्याचे शब्द तोंडून निघाले, तर वाट पाहू नये. टेली-मानस ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य उपलब्ध आहे.

एखादा झुरका घेतला गेला तर

एक झुरका म्हणजे संपूर्ण अपयश नव्हे. तो निरुपद्रवीही नाही, कारण मेंदूतील ती स्थाने एका झुरक्याने पुन्हा जागी होतात आणि पुढची तलफ अधिक जोराची येते. धोका त्यानंतरच्या विचारात असतो: "मोडलेच आहे, तर आता हे पाकीट संपवू आणि पुढच्या महिन्यात पाहू." तेथेच थांबावे. उरलेली बिडी तत्क्षणी विझवावी, बंडल असेल तर पाण्यात भिजवून टाकून द्यावे. कोठे, कोणासोबत, कोणत्या मनःस्थितीत ओढली गेली ते कागदावर लिहावे आणि त्या प्रसंगासाठी नवा बदल ठरवावा. घरच्यांना सांगावे. दिवस मोजण्याची सवय असेल तर गेलेले दिवस पुसून टाकण्याचे कारण नाही, ते शरीराला मिळालेले आहेत.

पुन्हा रोजचे ओढणे सुरू झालेच, तर पुढची तारीख पंधरा दिवसांच्या आतली ठरवावी आणि या वेळी डॉक्टर किंवा समुपदेशकाची मदत घेऊनच सुरुवात करावी. आज पूर्णपणे मुक्त असलेल्या पुष्कळ व्यक्तींनी याआधी अनेकदा सोडून पुन्हा धरलेले असते.

मदत कोठे मिळेल

राष्ट्रीय तंबाखू मुक्ती दूरध्वनी सेवेचा क्रमांक १८००-११-२३५६ असा आहे. २०१८ पासून तो तंबाखूच्या पाकिटांवरही छापला जातो. हा फोन विनामूल्य आहे. आपण रोज किती ओढता किंवा ओढत होता, उठल्यावर किती वेळाने पहिली लागते, याआधी सोडली होती का आणि पुन्हा कशी सुरू झाली, असे साधे प्रश्न समुपदेशक विचारतात आणि आपल्यासोबत बसून योजना आखावी तशी फोनवर आखून देतात. ओढून झाल्यावर फोन केला तरी चालतो, तेथे कोणी रागावत नाही. ज्यांना बोलण्यापेक्षा संदेश वाचणे सोयीचे वाटते, त्यांनी ०११-२२९०१७०१ या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यावा. त्यानंतर मोबाईलवर मार्गदर्शनाचे संदेश येऊ लागतात. प्रत्यक्ष भेटून सल्ला हवा असल्यास जिल्हा रुग्णालयातील तंबाखू मुक्ती केंद्रात चौकशी करावी, किंवा जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात अथवा आपल्या भागातील आशाताईंना विचारावे.

दूरध्वनी सेवा सकाळी ८ ते रात्री ८ या वेळेत सुरू असते आणि सोमवारी बंद असते. ज्यांनी सोडण्याचा दिवस अद्याप ठरवलेला नाही, त्यांनी शक्य असल्यास मंगळवार किंवा बुधवार निवडावा, म्हणजे सर्वांत कठीण असे दुसरा आणि तिसरा दिवस समुपदेशक फोनवर असतानाच पार पडतील.